अंगावर पिणारे मूल आणि वरचे अन्न : एक चिकित्सक विवेचन

गोषवारा

वर्ष-दीड वर्षाचे मूल आईच्या दुधावर रमते आणि वरच्या अन्नाकडे पाठ फिरवते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अशा वेळी दोष सहसा आईच्या दुधाला दिला जातो आणि ‘दूध तोडा, म्हणजे खाईल’ हा उपाय सुचविला जातो. या समजुतीमागील कार्यकारणभाव तपासणे, मूल अन्न उशिरा का स्वीकारते याची आहारशास्त्रीय, विकासात्मक व वैद्यकीय कारणे मांडणे आणि त्या अनुषंगाने कुटुंबाने व शैक्षणिक संस्थेने काय करावे हे सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजशब्द : स्तनपान, पूरक आहार, ऊर्जाघनता, लोह, जीवनसत्त्व ब-१२, प्रतिसादी भरवणे.

प्रस्तावना

मराठीत आईच्या दुधाव्यतिरिक्त बाळाला जे जे दिले जाते त्याला ‘वरचे’ म्हणण्याची पद्धत आहे. वरचे दूध, वरचे अन्न, वरचे खाणे. या साध्या शब्दात त्या अन्नाचे नेमके स्थान सांगितलेले आहे. दूध चालू असताना त्यावर घातलेली भर म्हणजे वरचे अन्न. शासकीय परिभाषेतील ‘पूरक आहार’ ही संज्ञाही हाच अर्थ व्यक्त करते. आपल्याकडील उष्टावणाचा संस्कारही साधारण याच वयाशी जोडलेला आहे. मामाच्या मांडीवर बसून बाळ खिरीचे बोट चाटते आणि त्याचा अन्नाशी परिचय होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केलेल्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहार आणि त्याबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, असा क्रम मान्य झालेला आहे. संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्तनपान चालू ठेवण्याची ही शिफारस कायम आहे.

प्रश्न उद्भवतो तो उष्टावणानंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. मात्र सहा ते आठ महिने वयोगटात आईच्या दुधाबरोबर घन वा अर्धघन अन्न मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण ४५.९ टक्के इतकेच होते. सहा ते तेवीस महिने वयोगटात पुरेसा आहार मिळणारी बालके तर सुमारे ११ टक्के होती. स्तनपानाचा संदेश समाजात बऱ्याच अंशी रुजला, वरच्या अन्नाचा रुजला नाही, असा या आकड्यांचा अर्थ लावता येईल.

या पार्श्वभूमीवर कुटुंबांत परस्परविरोधी अशा दोन भूमिका आढळतात. ‘दूध पितो आहे ना, मग चिंता कशाची?’ ही पहिली. ‘दूध पितो म्हणूनच जेवत नाही, आधी दूध तोडा’ ही दुसरी. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत आणि दोहोंमुळे मुलाचे नुकसान होऊ शकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा विषय केवळ गृहविज्ञानाच्या वर्गापुरता मर्यादित नाही. महाविद्यालयातील तरुण प्राध्यापिका प्रसूती रजेवरून परततात तो काळ आणि बाळाचे वरचे अन्न सुरू होण्याचा काळ बहुधा एकच असतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्या स्टाफरूममध्येही उपस्थित असतो. पुष्कळदा तो बोलून दाखविला जात नाही, इतकेच.

१. दुधाचा वाटा आणि अन्नाचा वाटा

सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध बाळाची जवळपास सर्व गरज भागवते. त्यानंतर दुधाची प्रत खालावते अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. दूध तेवढेच मोलाचे राहते, बाळाची गरज मात्र त्यापुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे सरासरी प्रमाणात अंगावर पिणाऱ्या बालकाला पूरक आहारातून सहा ते आठ महिन्यांत दररोज सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, तर एक ते दोन वर्षे या काळात सुमारे ५५० किलोकॅलरी मिळणे आवश्यक असते. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात एकूण ऊर्जेचा निम्मा किंवा अधिक वाटा दूध उचलते. दुसऱ्या वर्षात हा वाटा सुमारे एक तृतीयांशावर येतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, दहा महिन्यांच्या बाळाने दिवसाकाठी दोन-तीन लहान वाट्या अन्न खाल्ले तर ते ‘काहीच खात नाही’ असे म्हणता येणार नाही. दुसरी म्हणजे, दीड वर्षाचे मूल अद्याप जवळजवळ केवळ दुधावरच असेल तर त्याच्या ऊर्जेच्या गरजेचा मोठा भाग अपुरा राहतो. वयानुसार या प्रश्नाचे गांभीर्य बदलते. सात महिन्यांचे बाळ चमचा तोंडातून बाहेर ढकलते तेव्हा ते शिकत असते. पंधरा महिन्यांचे मूल तेच करीत असेल तर कारण शोधावयास हवे.

ऊर्जेपेक्षाही निकडीचा प्रश्न लोहाचा आहे. आईच्या दुधात लोह अत्यल्प, लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी असते. ते उत्तम प्रकारे शोषले जाते हे खरे. तथापि अर्धा लिटर दूध पिणाऱ्या मुलाच्या पदरी त्यातून फार थोडे लोह पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दररोज ८ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. जन्मतः यकृतात असलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांपर्यंत पुरतो. कमी वजनाच्या वा अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो त्याआधीच संपतो. त्यानंतरचे लोह जवळजवळ सर्वस्वी वरच्या अन्नातूनच यावे लागते. पाचव्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६७ टक्के भारतीय बालकांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. ‘दूध पितो आहे ना’ या समाधानाची किंमत या आकड्यांत दिसते.

२. दुधावरील आरोप आणि उपलब्ध पुरावा

अंगावर पिणारी मुले कमी खातात व कमी वाढतात, असे काही पाहण्यांत दिसून आले होते. त्यावरून दीर्घकाळ स्तनपान हेच कुपोषणाचे कारण असावे असा तर्क केला गेला. या तर्काची छाननी करणारा एक महत्त्वाचा अभ्यास पेरू देशातील लिमा शहराच्या परिसरात झाला. मार्किस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, ज्या मुलांची वाढ खुंटलेली होती, जी वारंवार आजारी पडत होती आणि अन्न कमी खात होती, त्यांच्या माता अधिक काळ स्तनपान करीत होत्या. म्हणजे मूल अशक्त होते म्हणून आई पाजत राहिली. आई पाजत राहिली म्हणून मूल अशक्त झाले नव्हते. संशोधनाच्या भाषेत याला उलटा कार्यकारणभाव म्हणतात. छत्री घेतलेली माणसे दिसली म्हणून छत्रीने पाऊस पडतो असे म्हणता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या घरातही हेच घडते. मूल चार घास खाऊन तोंड फिरवते, आई काळजीने त्याला जवळ घेते, मूल दूध पिऊन शांत होते. पाहणाऱ्याला मात्र केवळ शेवटची क्रिया दिसते आणि तो तिलाच कारण ठरवितो.

चवीच्या संदर्भात तर स्तनपान हे अन्नाचे पूर्वशिक्षणच ठरते. आईच्या आहारातील पदार्थांचे स्वाद तिच्या दुधात उतरतात. मेनेला, जॅगनाउ व बोशॅम्प यांनी अमेरिकेत केलेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस पिणाऱ्या मातांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज अधिक सहजपणे स्वीकारली. तत्पूर्वी १९९४ साली सलिव्हन व बर्च यांनीही असे नोंदविले होते की, एखादी भाजी वारंवार देऊ केल्यानंतर अंगावर पिणारी बाळे बाटलीच्या दुधावरील बाळांपेक्षा ती अधिक खाऊ लागली. बाटलीतील दुधाची चव रोज तीच असते, आईच्या दुधाची तशी नसते.

३. मूल अन्न उशिरा का स्वीकारते?

(अ) पातळ अन्न : आपल्याकडे बाळाच्या पहिल्या अन्नात वरणाचे पाणी, भाताची पातळ पेज, भाजीचे सूप यांना मोठा मान आहे. पचायला हलके म्हणून ते दिले जातात. आता थोडा हिशोब करू. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. पूरक अन्नाच्या शंभर ग्रॅममध्ये किमान ८० किलोकॅलरी असाव्यात असा संकेत आहे. पातळ पेजेत त्या ४० आहेत असे धरू. वर्षाच्या, नऊ किलो वजनाच्या मुलाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे एका वेळी सुमारे २७० ग्रॅम. त्याला ५५० किलोकॅलरी मिळविण्यासाठी योग्य घट्टपणाचे अन्न दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम लागेल, जे तीन वेळा खाऊन भागते. पातळ पेज मात्र सुमारे १४०० ग्रॅम लागेल, म्हणजे पोट तुडुंब भरून पाचाहून अधिक वेळा. दूध पिऊन ते शक्यच नाही. अशी पेज नाकारून दुधाकडे वळणारे मूल एका अर्थी योग्य निवड करीत असते, कारण त्या दोहोंत दूधच अधिक पौष्टिक असते.

आपल्या परंपरेत याचे उत्तरही आहे. भाजलेल्या तांदूळ-मुगाचे दाट खिमट, नाचणीच्या सत्त्वाची घट्ट लापशी, साजूक तुपाचा मऊ गुरगुट्या भात, दाट वरणात कुस्करलेली भाकरी, मेतकूट-भात, कोकणात काटे काढून कुस्करलेला मासा, उकडलेले अंडे, ही सर्व ऊर्जाघन अन्ने होत. चमच्यावरून लगेच ओघळत नाही इतके अन्न घट्ट असावे, ही खूण कोणत्याही आजीला समजते. एक चहाचा चमचा तूप वा तेल घातल्याने त्या वाटीत सुमारे ४५ किलोकॅलरींची भर पडते.

(आ) पोत आणि वय : चावणे ही शिकण्याची क्रिया आहे आणि शिकण्याला वेळ असते. ब्रिटनमधील इलिंगवर्थ व लिस्टर यांनी १९६४ साली असे मांडले की, घन अन्न चावण्यास शिकण्याचा एक संवेदनक्षम काळ असतो. तो निसटला तर पुढे मूल घन अन्नाला विरोध करते. इंग्लंडमधील एव्हन परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात (२००१) याला दुजोरा मिळाला. ज्यांना गाठीगुठळ्यांचे, चावण्याजोगे अन्न दहा महिन्यांनंतर प्रथम दिले गेले, त्यांच्या खाण्याच्या अडचणी पंधराव्या महिन्यात अधिक होत्या. मिक्सरमध्ये वाटून पूर्ण गुळगुळीत केलेले अन्न वर्षभर देत राहणे आणि नंतर एकदम पोळीचा तुकडा पुढे करणे, हा आजच्या शहरी घरांतील सर्वांत सामान्य दोष म्हणावा लागेल. सहाव्या-सातव्या महिन्यात कुस्करलेले, आठ-नऊ महिन्यांत बारीक गाठी असलेले व हाताने उचलता येणारे, वर्षाच्या सुमारास घरातलेच मऊ जेवण, ही चढण सांभाळली पाहिजे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे मात्र या वयात देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

(इ) नव्याचे भय : दुसऱ्या वर्षात मूल चालू लागते आणि अनोळखी पदार्थाविषयी सावध होते. रांगत्या-धावत्या जिवाने दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठी ही निसर्गाची योजना असावी असे मानले जाते. एखादा पदार्थ एकदा थुंकला म्हणजे तो कायमचा नावडता, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, थोडा थोडा आणि बळजबरी न करता समोर ठेवल्यावर तोच पदार्थ स्वीकारला जातो.

(ई) भरवण्याची रीत : मुलाचे हात धरून कोंबणे किंवा मोबाईलच्या पडद्यात गुंतवून नकळत घास सारणे, या दोन्ही रीतींत मुलाच्या भुकेला आवाज राहत नाही. याउलट त्याच्याकडे पाहत, बोलत, त्याची भूक व तृप्ती ओळखत भरविणे याला प्रतिसादी भरवणे म्हणतात. आपल्या चिऊ-काऊच्या घासात हेच तत्त्व आहे. तिथे गोष्ट आहे, नजरेची भेट आहे आणि पुढच्या घासापूर्वीची वाट पाहणेही आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील ६० गावांत केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मातांना पूरक आहाराचे घरी जाऊन शिक्षण दिल्याने मुलांच्या आहारात सुधारणा झाली. ज्या गटात प्रतिसादी भरवणे व खेळ यांचीही जोड दिली होती, तेथे मुलांच्या मानसिक विकासाचे गुणांकही अधिक आढळले.

(उ) वाढीचा वेग : पहिल्या वर्षात बाळाचे वजन साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वेग मंदावतो तशी शरीराच्या मानाने भूकही मंदावते. हे न उमगल्याने निरोगी मुलालाही ‘खात नाही’ असा शिक्का बसतो. पूर्वी वापरात असलेले वाढीचे तक्ते मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या अमेरिकी बालकांवर आधारलेले होते. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळांची वाढ तीन-चार महिन्यांनंतर उगाच मागे पडल्यासारखी दिसे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील स्तनपान करणाऱ्या बालकांवरून २००६ साली नवीन मानके प्रसिद्ध केली. म्हणून मूल किती वाट्या खाते यापेक्षा त्याची वजन-उंचीची रेषा तक्त्यावर कशी चालली आहे, हे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते.

४. वैद्यकीय कारणे

काही मुलांच्या बाबतीत अन्न नाकारणे हे आजाराचे लक्षण असते. लोहाच्या कमतरतेत भूक मंदावते, मूल चिडचिडे होते, कधी माती वा भिंतीचा पोपडा खाते. भूक मंदावल्याने लोहयुक्त अन्न आणखी कमी जाते आणि हे दुष्टचक्र चालू राहते. अशा वेळी केवळ पाककृती बदलून भागत नाही. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात (२०१८) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा लोह व फॉलिक आम्लाचे एक मिलिलिटर औषध देण्याची योजना आहे. शहरी सुशिक्षित कुटुंबे ती ‘गरिबांची योजना’ समजून दुर्लक्षितात. रक्तक्षय मात्र असा वर्गभेद मानीत नाही.

दुसरे कारण आपल्या समाजात विशेष महत्त्वाचे असूनही फारसे चर्चिले जात नाही. ते म्हणजे जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. आईच्या शरीरात ते कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. वेल्लोर येथील जाधव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा भारतीय अर्भकांचे वर्णन केले. बाळ निस्तेज व उदासीन होते, त्वचा काळवंडते, रक्तक्षय होतो, आलेली कौशल्येही मागे जातात. वरचे अन्न नाकारणे हेही या विकाराचे एक ठळक लक्षण आहे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या पुणे मातृपोषण अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत ब-१२ ची पातळी कमी आढळली होती. म्हणजे हा धोका दूरचा नाही, महाराष्ट्रातलाच आहे. येथेही उपाय दूध तोडणे हा नाही. आई व बाळ दोघांनाही वैद्यकीय सल्ल्याने ब-१२ देणे हा आहे. वेळीच निदान झाल्यास बाळाची भूक व तरतरी थोड्याच दिवसांत परतू लागते. उशीर झाल्यास विकासातील काही हानी टिकून राहू शकते. म्हणूनच ‘मोठा झाला की खाईल’ हे वाक्य प्रत्येक मुलाच्या बाबतीत निर्धोक नसते.

पुढील लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा : दोन-तीन महिन्यांत वजन न वाढणे वा घटणे, तळहात फिकट दिसणे, प्रत्येक घासाला ठसका वा गुदमरणे, वारंवार उलट्या किंवा दीर्घकाळ जुलाब, पिताना-खाताना घाम येणे व धाप लागणे, वर्ष झाले तरी कोणतेही घन अन्न गिळता न येणे, हसणे-बसणे-बोलणे यांत आलेली प्रगती मागे जाणे.

५. दूध तोडल्याने काय घडते?

स्तनाग्राला कडू पदार्थ लावून किंवा मुलाला आठवडाभर आजोळी ठेवून एकाएकी दूध तोडण्याची प्रथा परिचित आहे. त्यानंतर मूल अधिक खाऊ लागले असे काही घरांत दिसते, हे नाकारण्याचे कारण नाही. भुकेले मूल समोर येईल ते खाते. परंतु प्रश्न एकूण बेरजेचा आहे. दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश ऊर्जा, उत्तम स्निग्धांश, अ जीवनसत्त्व व रोगप्रतिकारक घटक देणारा एक खात्रीचा स्रोत बंद होतो आणि त्याच्या जागी येणाऱ्या अन्नाची खात्री नसते. प्रत्यक्षात त्या जागी बहुधा बाटलीतील गायी-म्हशीचे दूध किंवा चहा-बिस्कीट येते. या दुधातही लोह अत्यल्प असते, ते जास्त प्रमाणात दिल्यास अन्नाची जागा अधिक व्यापते आणि चहातील घटक लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. याशिवाय जुलाब वा तापात मूल सर्व अन्न नाकारते तेव्हाही ते आईचे दूध घेते. तो शेवटचा आधारही जातो. आईला स्वतःच्या इच्छेने वा गरजेने दूध थांबवावयाचे असेल तर तो तिचा अधिकार आहे. त्या वेळी ते हळूहळू, पर्यायी आहार बसल्यावर थांबवावे. मात्र मुलाला जेवायला लावण्याचे औषध म्हणून दूध तोडणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

६. नोकरी करणारी आई आणि संस्था

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद त्याच दुरुस्तीने आली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विराम देण्याची तरतूद मूळ कायद्यातच होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी समाविष्ट आहेत. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. रजा संपते त्याच आठवड्यात बाळाचा पहिला घास सुरू होतो. प्रसूतीपूर्वी काही आठवडे रजा घेतली असल्यास त्याही आधी आई कामावर परतते.

परिणामी दिवसभर मूल आजीजवळ किंवा पाळणाघरात असते. संध्याकाळी आई घरी आली की ते तिला बिलगते आणि रात्रभर अंगावर पीत राहते. सकाळी त्याला भूक नसते. घरातील माणसे ‘दुधाची सवय लावलीस’ असे आईला म्हणतात. वास्तविक दिवसभराच्या विरहाची भरपाई मूल रात्री करीत असते. यात मुलाचा दोष नाही आणि आईचाही नाही. दिवसाचे अन्न घट्ट, चविष्ट व वेळेवर मिळाले तर रात्रीचे दूध त्याला पूरक ठरते. म्हणून भरवणाऱ्या आजीचे, मावशीचे, पाळणाघरातील ताईंचे आणि बाबांचेही या विषयातील शिक्षण आईच्या शिक्षणाइतकेच आवश्यक आहे.

७. व्यावहारिक सूचना

१) सहा महिने पूर्ण होताच दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा अन्न द्यावे. मधल्या वेळी गरजेनुसार एक-दोनदा छोटा खाऊ द्यावा.
२) वर्षानंतर मूल भुकेले असताना आधी जेवण द्यावे आणि जेवणानंतर दूध पाजावे. दूध हे जेवणाचे बक्षीस वा शिक्षा होऊ नये.
३) रोजच्या आहारात डाळ-उसळ, पालेभाजी, फळ यांचा समावेश असावा. ज्या घरांत चालते तेथे अंडे, मासा वा मांस नियमित द्यावे. लिंबू, आवळा, पेरू यांच्या जोडीने वनस्पतिज लोह अधिक शोषले जाते.
४) शाकाहारी मातेने गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात ब-१२ विषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.
५) मुलाला घरच्या पंगतीत बसवून, स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे. सांडलवंड हा शिक्षणाचा भाग मानावा.
६) वजन व उंचीची नोंद अंगणवाडी वा डॉक्टरांकडील तक्त्यावर नियमित करावी.
७) महाविद्यालयाने परतणाऱ्या प्राध्यापिका व कर्मचारी स्त्रियांसाठी एक स्वच्छ, दार बंद होणारी खोली आणि पहिल्या काही महिन्यांत सोयीचे वेळापत्रक द्यावे. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.
८) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत घट्ट खिमट व लापशीचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्यात मुलांनाही, केवळ मुलींना नव्हे, सहभागी करून घ्यावे.

निष्कर्ष

अंगावर पिणारे मूल वरचे अन्न उशिरा स्वीकारते तेव्हा त्याचे कारण दुधात शोधण्याची आपली सवय जुनी आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. बहुतेक वेळा अन्न फार पातळ असते, फार गुळगुळीत असते, फार क्वचित किंवा फार जबरीने दिले जाते. काही वेळा मुलाचे रक्त कमी असते, काही वेळा आईच्या शरीरातच ब-१२ ची उणीव असते, आणि पुष्कळदा मूल ठीकच असते, अपेक्षा मात्र वाढलेल्या असतात. या शक्यता क्रमाने तपासणे म्हणजेच या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे होय. दूध चालू ठेवून अन्न सुधारणे हा मार्ग अधिक श्रमाचा आहे, कारण त्यात घरातील प्रत्येकाला काही करावे लागते. दूध तोडण्याचा मार्ग सोपा वाटतो, कारण त्यात सर्व भार एकट्या आईवर आणि बोलता न येणाऱ्या मुलावर पडतो. तो भार वाटून घेण्यास घर आणि संस्था जेव्हा सिद्ध होतील, तेव्हा ‘वरचे अन्न’ या शब्दाचा अर्थ व्यवहारातही खरा ठरेल.